मदत हवी आहे: तांबड्या रश्शाबरोबर कुठली रीस्लिंग?

नमस्कार मंडळी,

मुक्काम फ्रँकफर्ट. शनिवारी ऑफिसातले जर्मन लोक जेवायला येतायत. बेत अळूवडी, सुरमई फ्राय, मटण, तांबडा-पांढरा रस्सा आणि पुरणपोळी. वाइन तेच आणणार आहेत, पण कुठली आणू म्हणून माझ्याच मागे लागलेत.

मध्यंतरी मोझेल नदीकाठी बर्नकास्टेलला एका बागायतदाराकडे चाखायला गेलो होतो. त्याने आधी ट्रोकन (म्हणजे गोडी नसलेली) ओतली, मग हलकी गोडसर काबिनेट, मग त्याहून गोड श्पेटलेज. सगळ्या रीस्लिंगच, म्हणजे त्याच नावाच्या पांढऱ्या द्राक्षाच्या. थोड्या बाटल्या घरी आणल्या. ट्रोकन रश्शाबरोबर घेतली तर तिखट उलट भडकलं. काबिनेट छान जमली, पण बायको म्हणते, जेवताना सरबत कशाला?

एकजण बोर्दो (फ्रेंच लाल वाइन) आणतो म्हणतोय. चालेल का? जाणकारांनी सांगावे.

आंबटगोड:
बोर्दो नको. लाल वाइनमधल्या तुरट टॅनिनने तिखट आणखी बोचतं, आणि सुरमईबरोबर तर तोंडात लोखंड चाखल्यासारखं होतं. लालच आणायची असेल तर बोझोले ही फ्रेंच लाल वाइन सांगा, तिच्यात टॅनिन कमी असतं. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून द्या.

रश्शाला काबिनेटच. वहिनींना सांगा, साखर आहे तशी आंबटही सणसणीत आहे, म्हणून ती सरबत होत नाही. शिवाय अल्कोहोल कमी. ते जास्त असलं की मिरची झोंबते, तुमच्या ट्रोकनने तेच केलं. ती सुरमईला ठेवा, लिंबू पिळायची गरज नाही.

फक्त लेबल नीट बघा. काबिनेट हा दर्जा तोडणीच्या वेळी द्राक्षरसात साखर किती होती त्यावर ठरतो, बाटलीत किती उरली त्यावर नाही. म्हणून 'काबिनेट ट्रोकन'सुद्धा मिळते. साखरेचंच अल्कोहोल होतं, त्यामुळे अल्कोहोल ८-९ टक्के दिसलं तर गोडी शिल्लक आहे, १२ असेल तर साखर बहुतेक संपलेली.

धागाकर्ता:
हे टक्क्यांचं माहीत नव्हतं, धन्यवाद! अळूवडीला ट्रोकन चालेल ना?

आंबटगोड:
चिंच-गूळ घालता ना? मग नाही. पदार्थ वाइनपेक्षा गोड असला की वाइन नुसती आंबट लागते. तिथेही काबिनेट. पुरणपोळीला त्याच नियमाने आउस्लेज, ती आणखी गोड; श्पेटलेज कमी पडेल.

खवय्या:
पांढऱ्या रश्शाला फ्रान्समधल्या आल्झासची पिनो ग्री ही पांढरी वाइन घेऊन बघा, नारळाच्या दुधाशी झकास जाते. बाकी तांबड्याला माझं मत बिअर, पण धागा वाइनचा आहे म्हणून गप्प बसतो.

धागाकर्ता:
आउस्लेज अख्खी बाटली संपणार नाही आमच्याकडे. लहान मिळते का?

आंबटगोड:
मिळते, ३७५ मिलीची.