सागवानी दागिन्यांची पेटी : कोपऱ्याचा जोड आणि तळाची फळी

कोथरूडकर
भाचीच्या लग्नात देण्यासाठी सागवानाची दागिन्यांची पेटी हाताने करावी, असा विचार आहे. माप साधारण ३०० × २०० मिमी, उंची १२० मिमी, झाकण बिजागरीचे. वाडा पाडताना निघालेले जुने सागवान भवानी पेठेतील टिंबर मार्केटमधून आणले आहे. कोपऱ्यांना डव्हटेल (पारव्याच्या शेपटीसारखे दात एकमेकांत अडकवलेला जोड) करावे की पंचेचाळीस अंशांचा मायटर (टोके तिरकी कापून जुळवलेला जोड), हे ठरत नाही. तळ आणि झाकणाची फळी चौकटीला फेव्हिकॉलने चिकटवून वर चुका (बारीक खिळे) माराव्यात, असे ओळखीचे सुतार सांगतात. परंतु आमच्या घरची जुनी पेटी नेमकी झाकणावरच उभी तडकलेली आहे, म्हणून शंका आली. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

रंधा-पटाशी
आपली शंका रास्त आहे. मुरलेले सागवान हलत नाही, हा समज बरोबर नाही. ते कमी वाकते, एवढेच. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत मात्र हवेतील ओलीप्रमाणे फुगते आणि आक्रसते. ज्या फळीच्या टोकाला वर्षवलये आडवी दिसतात, अशा २०० मिमी रुंद सागवानी फळीतील ओलावा ५ टक्क्यांनी बदलला, तर तिच्या रुंदीत सुमारे २ मिमीचा फरक पडतो. वलये उभी असतील तर हा फरक सुमारे निम्मा असतो. चारी बाजूंनी चिकटवलेल्या फळीला आक्रसायला वाव मिळत नाही आणि एखाद्या उन्हाळ्यात ती मधोमध फाटते.

म्हणून चौकटीच्या आतल्या अंगाला, खालच्या कडेपासून ५-६ मिमी वर खाच काढून तळाची फळी तिच्यात नुसती सरकवावी. फेव्हिकॉल लावायचाच असेल, तर आखूड बाजूंच्या मध्यावर एकेक थेंब पुरे. पावसाळ्यात काम करीत असाल तर फळी खाचेत जवळजवळ भरून बसू द्या. एप्रिल-मेमध्ये करीत असाल तर रुंदीत दोन्हीकडे मिलिमीटरभर जागा सोडा. झाकणालाही हाच नियम. या फळ्यांना जोडणीपूर्वीच पॉलिश करून घ्यावे, कारण नंतर फळी आक्रसली की कडेला कोऱ्या लाकडाची पट्टी उघडी पडते.

जोड मात्र डव्हटेलच करा. ताकदीला त्याला तोड नाही.

पेठेतला हौशी
तळाविषयी वर लिहिलेले सर्व मान्य, जोडाविषयी नाही. दागिन्यांच्या पेटीला असे वजन ते किती येणार? शिवाय खाच आरपार काढली की डव्हटेलच्या कोपऱ्यावर तिचे चौकोनी भोक बाहेरून दिसते, ते बुजवत बसावे लागते. मायटरमध्ये ते आपोआप झाकले जाते. मायटरचा कच्चा दुवा असा, की कापलेली टोके फेव्हिकॉल पिऊन टाकतात. त्यासाठी आधी पातळ केलेला हात द्यावा, तो सुकत आला की नेहमीचा द्यावा आणि जोड वाळल्यावर कोपऱ्यावर तिरकी खाच मारून शिसवीची पातळ चीप बसवावी. सागवानात ती काळसर रेघ फार देखणी दिसते. सागवान तेलकट असल्याने नुकताच रंधा मारलेल्या पृष्ठभागावरच चिकटवावे.

चारही बाजू एकाच फळीतून क्रमाने कापल्या, तर लाकडाच्या रेषा तीन कोपऱ्यांवरून अखंड वळतात. चौथा, न जुळणारा कोपरा मागच्या बाजूला ठेवावा. पेटी आधी पूर्ण बंद जोडून, नंतर करवतीने झाकण वेगळे केले की वरच्या-खालच्या रेषाही जुळतात.

कोथरूडकर
मायटर नक्की केला. बिजागरी पितळी आणली आहे. आतून जवसाचे तेल चालेल का?

रंधा-पटाशी
आतून जवसाचे तेल नको. बंद पेटीत त्याचा वास महिनोन्‌महिने कोंडून राहतो. स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचे (शुद्ध केलेल्या लाखेचे) दोन पातळ हात द्यावेत, तेही कोरड्या दिवशी, कारण पावसाळी हवेत चपड्यावर पांढुरकी झाक येते. पितळी स्क्रू मऊ असतात आणि सागवानात पिळताना त्यांची मान तुटते. भोक पाडून आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून काढावा, मग पितळी स्क्रूला मेण चोळून बसवावा. आणि रंधा लावण्यापूर्वी त्या जुन्या फळीवर लोहचुंबक फिरवायला विसरू नका. वाड्याच्या लाकडात मोडके खिळे हमखास असतात आणि पात्याला खांडे पडतात.