मदत हवी आहे: आत्मसन्मानासाठी मराठीतून बोलणारा ऑनलाइन थेरपिस्ट कसा निवडावा?

कोरा_कागद

नमस्कार मंडळी. स्वतःसाठी ऑनलाइन थेरपिस्ट शोधते आहे, जाणकारांची मदत हवी. तक्रार एकच: काम चांगलं झालं तर नशीब, बिघडलं तर माझीच लायकी नाही, हा हिशेब डोक्यात सतत चालू असतो. झोप, भूक, नोकरी ठीक आहे. औषधं चालू नाहीत. राहायला तालुक्याच्या गावी, त्यामुळे समोरासमोर जाणं जमण्यासारखं नाही. बोलायचं मराठीतूनच. महिन्याला चार हजारांपर्यंत खर्च झेपेल.

कुणी सायकॉलॉजिस्ट लिहितं, कुणी काउन्सेलर, कुणी कोच. यातलं खरं-खोटं कसं ओळखायचं? या तक्रारीवर नेमकी कुठली पद्धत चालते? किती सेशन लागतात? आणि दोन खोल्यांत चार माणसं राहत असतील तर बोलायचं कुठे?

औदुंबर

पदव्यांचं आधी सांगतो, फसगत तिथेच जास्त होते.

एम.डी., डी.एन.बी. किंवा डी.पी.एम. झालेले ते मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे डॉक्टर. या सगळ्यांत औषध तेच लिहून देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते. आज काम करणाऱ्यांपैकी बहुतेकांची ही नोंदणी एम.ए.नंतरच्या दोन वर्षांच्या एम.फिल.वर झालेली आहे. परिषदेच्या संकेतस्थळावर नाव किंवा सीआरआर क्रमांक, म्हणजे परिषदेचा नोंदणी क्रमांक, टाकून नोंद शोधता येते. तिथे नाव सापडलं की लगेच थांबू नका. नोंदणीची मुदत संपलेली नाही ना, आणि प्रकार कोणता लिहिलाय, हे दोन्ही बघा. त्याच नोंदवहीत विशेष शिक्षक असतात, ऑडिओलॉजिस्टही असतात. त्यामुळे 'माझा आरसीआय नंबर आहे' एवढ्यानं ती व्यक्ती क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे असं सिद्ध होत नाही.

काउन्सेलिंग सायकॉलॉजीत एम.ए. किंवा एम.एस्सी. केलेल्या समुपदेशकांकडे हा क्रमांक बहुधा नसतो, आणि तो नसणं हा दोष नाही. तुम्ही लिहिलेल्या तक्रारीसाठी असा चांगला समुपदेशक पुरेसा आहे. त्यांना तीन गोष्टी विचारा: पदव्युत्तर शिक्षण कुठल्या विद्यापीठातून, त्यात प्रत्यक्ष केसेस हाताळण्याचं प्रशिक्षण होतं का, आणि सध्या सुपरव्हिजन कुणाकडे चालू आहे. तिसरा प्रश्न सर्वांत कामाचा. जो नियमितपणे आपल्या केसेस ज्येष्ठाला दाखवून घेतो, तो हे लगेच सांगतो, त्याला राग येत नाही.

लाइफ कोच, माइंड कोच, हस्ताक्षरावरून स्वभाव, दोन दिवसांच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र, यातलं काहीही थेरपीची पदवी नाही. 'पाच सेशनमध्ये न्यूनगंड गायब' अशी जाहिरात दिसली की पुढचं वाचूच नका.

रानजाई

औदुंबर यांच्याशी सहमत. मी पद्धतीबद्दल लिहिते.

आत्मविश्वास आणि आत्मसन्मान यांची गल्लत होते. 'मला हे काम जमेल' हा आत्मविश्वास. 'नाही जमलं तरी माणूस म्हणून माझी किंमत उतरत नाही' हा आत्मसन्मान. तुमची तक्रार दुसऱ्यातली आहे. म्हणून भाषणकलेचा वर्ग किंवा आरशासमोर 'मी श्रेष्ठ आहे' म्हणणं यानं ती सुटत नाही. कॅनडात जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हेच तपासलं होतं. कमी आत्मसन्मान असलेल्यांपैकी ज्यांनी अशी गोड वाक्यं घोकली त्यांना, ती न घोकणाऱ्यांपेक्षा वाईट वाटलं, कारण वाक्य उच्चारताच मन आतून त्याच्या विरुद्धचे पुरावे काढून दाखवतं. जो थेरपिस्ट पहिल्याच सेशनला अशा वाक्यांची यादी हातात ठेवतो, त्याच्याबद्दल दोनदा विचार करा.

उपयोगी पडते ती सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं या दोन्हींवर काम करणारी थेरपी. मेलनी फेनेल यांनी १९९७ मध्ये कमी आत्मसन्मानाचा जो आराखडा मांडला, त्यावर आजही बरंच काम चालतं. तळाशी एक निकाल लागलेला असतो: 'मी कमी आहे'. तो झाकून ठेवायला माणूस नियम करतो: 'सगळे खूश असले तरच मी ठीक', 'चूक झाली की संपलं'. नियम मोडायची वेळ आली की भीती वाटते, मग एक तर टाळाटाळ किंवा दुप्पट तयारी. निभावलं तर श्रेय तयारीला, बिघडलं तर तळातला निकाल आणखी पक्का. तुम्ही लिहिलेला 'चांगलं झालं तर नशीब' हा हिशेब याच चक्रातला आहे.

सेशनमध्ये हे चक्र छोट्या प्रयोगांनी तोडतात. उदाहरणार्थ, साहेबांना जाणारा मेल चार वेळा वाचायची सवय आहे. प्रयोग असा: साधा, कमी महत्त्वाचा एक मेल एकदाच वाचून पाठवायचा. पाठवण्याआधी वहीत लिहायचं: 'चूक निघेल आणि बोलणी खावी लागतील, खात्री ८० टक्के.' दुसऱ्या दिवशी खाली लिहायचं, प्रत्यक्षात काय झालं आणि आता खात्री किती टक्के. आकडा आधी लिहिलेला नसेल तर प्रयोग फुकट जातो, कारण मागाहून मन म्हणतं, 'हे काय, मला माहीतच होतं.' असे दहा-बारा प्रयोग झाले की 'चूक झाली की संपलं' या नियमाची पकड ढिली व्हायला लागते.

दुसरी पद्धत आरईबीटी, विवेकनिष्ठ विचारपद्धती. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास ती मांडली आणि महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजवली. त्यामुळे ती मराठीतून शिकलेले समुपदेशक आपल्याकडे मिळतात, आणि तुमच्यासाठी हा मोठा फायदा आहे. एलिस यांचं म्हणणं तर याहून थेट: स्वतःला एकूण गुण देणंच थांबवा. कृतीला गुण द्या, स्वतःला नको.

कोरा_कागद

किती नेमकं लिहिलंत, मनापासून आभार. फी विचारायचा आणि इतके प्रश्न करायचा फार संकोच वाटतो. समोरच्याला वाटेल, ही आधीच संशय घेते. सेशनची संख्या आणि पैसे याबद्दलही सांगाल का?

रानजाई

हा संकोच म्हणजे तुमचा स्वभावदोष नाही, तो त्याच तक्रारीचा भाग आहे. ज्यासाठी मदत घ्यायची तेच मदत निवडताना आडवं येतं. माणूस पहिल्याच थेरपिस्टला 'हो' म्हणतो, दहा सेशनचे पैसे आगाऊ भरतो, पटत नसलं तरी 'माझंच चुकत असेल' म्हणून चालू ठेवतो. म्हणून निवड त्या क्षणाच्या धीरावर सोडू नका. प्रश्न कागदावर लिहून समोर ठेवा आणि वाचून विचारा. चांगल्या थेरपिस्टला यात काहीच वावगं वाटत नाही.

बरेच जण पहिला १५ मिनिटांचा कॉल मोफत देतात. त्यात एवढं विचारा: आत्मसन्मानाच्या तक्रारीवर तुम्ही कसं काम करता? दोन सेशनच्या मधे काही करायला देता का? प्रगती कशी मोजता? सेशन रद्द करायचं असेल तर किती तास आधी कळवायचं? सेशन रेकॉर्ड होतं का? नोंदी कुठे राहतात, कोण बघतं? पहिल्या प्रश्नाला 'आपण फक्त बोलू, हळूहळू होईल' एवढंच उत्तर आलं तर पुढचं नाव घ्या.

औदुंबर

पैशांचं. सेशन बहुधा ५० ते ६० मिनिटांचं. नव्या समुपदेशकाची फी साधारण ७०० ते १,२०० रुपये, अनुभवी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची १,५०० ते २,५००, मुंबई-पुण्यात त्याहूनही वर. या तक्रारीला १० ते २० सेशन धरून चला. चार हजारांत एक तर हजारवाला दर आठवड्याला, किंवा १,८०० वाला महिन्यातून दोनदा. माझं मत पहिल्याला. सुरुवातीच्या सहा-आठ सेशन आठवड्याला हव्यातच. पंधरा दिवसांचं अंतर पडलं तर वहीतला प्रयोग थंडावतो आणि पुढचं सेशन मागचं आठवण्यातच जातं. नंतर अंतर वाढवता येतं.

'फी कमी-जास्त होते का?' हे सरळ विचारा. बरेच जण काही जागा कमी फीच्या ठेवतात, पण विचारल्याशिवाय सांगत नाहीत. पॅकेज घ्यायचंच तर चारचं घ्या आणि उरलेले पैसे परत मिळतात का ते लेखी मागा. विम्यावर विसंबू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं विमा कंपन्यांना मानसिक आजार इतर आजारांसारखेच धरायला सांगितलंय, पण ओपीडीचं कवच नसलेल्या पॉलिसीत समुपदेशनाची फी सहसा मिळत नाही.

टाटा समाजविज्ञान संस्थेची आयकॉल सेवा फोनवर आणि ईमेलवर मोफत समुपदेशन देते. ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेत मराठीतून काम करणारी माणसं आहेत. सुरुवात इथून करून बघा.

पाणवठा

ॲपबद्दल थोडं. ॲपवरून थेरपिस्ट घेतला तर तो तुम्ही निवडता की ॲप नेमून देतं, हे आधी बघा. नेमून देत असेल तर मराठी आणि आत्मसन्मान या दोन्ही अटी बाजूला पडायचा धोका असतो. फक्त चॅटवरची थेरपी घेऊ नका. या तक्रारीत माणूस वाक्य पुसून, घासून, नीट करून पाठवतो, आणि नेमकी तीच पुसलेली वाक्यं थेरपिस्टला दिसायला हवी असतात.

माहितीच्या बाबतीत काळजी घ्या. बेटरहेल्प ही मोठी अमेरिकी कंपनी. ग्राहकांची मानसिक आरोग्याची माहिती जाहिरातींसाठी फेसबुकसारख्या कंपन्यांना दिल्याचा ठपका २०२३ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं तिच्यावर ठेवला आणि तिला ७८ लाख डॉलर भरावे लागले. ॲपवर खातं उघडताना वेगळा ईमेल वापरा, फेसबुकवरून लॉगिन करू नका, संपर्कयादीची परवानगी देऊ नका.

जागेचं: इअरफोन लावले की थेरपिस्टचं बोलणं बाहेर जात नाही, अडचण फक्त तुमच्या आवाजाची. दाराबाहेर पंखा किंवा रेडिओ चालू ठेवा. फोन हातात धरू नका, डब्याला टेकवून डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. हातात धरलेला फोन हलत राहतो आणि नजर सारखी स्वतःच्याच चेहऱ्याकडे जाते. स्वतःचा चौकोन लपवायची सोय असते, ती वापरा. इतरांपेक्षा तुम्हाला तिची गरज जास्त आहे. घरी जमलंच नाही तर गच्ची, किंवा सुटीच्या दिवशी मैत्रिणीची रिकामी खोली. रेंज जाते तिथे आधीच ठरवून ठेवा: कॉल तुटला तर दोन मिनिटांत थेरपिस्ट साध्या फोनवर लावतील, तुम्ही नाही. दोघांनी एकाच वेळी लावला की लाइन व्यस्त लागते.

आणखी एक. पहिल्या सेशनला थेरपिस्टनं तुमचा पत्ता आणि तातडीच्या वेळी कळवायचा एक नंबर मागायला हवा. ऑनलाइन कामात ही मूलभूत काळजी आहे. मागितला नाही तर का नाही ते विचारा.

सातासमुद्रा

परदेशातल्या मराठी वाचकांसाठी दोन ओळी. अमेरिकेत परवाना राज्यवार असतो आणि तुम्ही सेशनच्या वेळी जिथे बसला आहात तिथला लागतो. पुण्यातल्या ओळखीच्या थेरपिस्टला विचारण्याआधी हे लक्षात घ्या. इंग्लंडमध्ये एनएचएस टॉकिंग थेरपीज या सरकारी सेवेत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय स्वतः नाव नोंदवता येतं, दुभाषाही मागता येतो.

रानजाई

मोजमापाचं राहिलं होतं. आत्मसन्मान मोजणारी रोझेनबर्ग यांची १९६५ ची प्रश्नावली दहा विधानांची आहे, गुण ० ते ३०, आणि १५ च्या खाली म्हणजे आत्मसन्मान कमी असं ढोबळमानानं धरतात. हे निदान नव्हे. पहिल्या सेशनआधी भरा, मग दर चार-पाच सेशननंतर. २, ५, ६, ८ आणि ९ ही विधानं उलटी आहेत, त्यांचे गुण उलटे मोजावे लागतात. घरी मोजताना चूक होते ती इथेच.

सहा सेशन झाल्यावर तीन गोष्टी बघा: वहीत प्रयोग उतरलेत का, एखादा तरी नियम शब्दांत सापडलाय का, आणि थेरपिस्टला 'हे मला पटलं नाही' असं एकदा तरी म्हणता आलंय का. तिन्हींचं उत्तर 'नाही' असेल तर बदला. बदलताना खुलासे द्यायची गरज नाही, एक ओळीचा मेसेज पुरतो. गृहपाठ झाला नाही म्हणून लाजेनं सेशन रद्द करणं हे या तक्रारीत हमखास होतं. तसंच जा आणि 'झालं नाही, लाज वाटली' हेच सांगा. त्या दिवशीचा सगळ्यात कामाचा विषय तोच असतो.

यातलं काहीही चालू असताना सतत उदास वाटायला लागलं, झोप उडाली, किंवा जीव नकोसा वाटला, तर आठवड्याच्या सेशनची वाट बघू नका. १४४१६ वर टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन चोवीस तास, मोफत, मराठीतही आहे. जवळच्या सरकारी रुग्णालयातही जा.

कोरा_कागद

सगळ्यांचे खूप आभार. वही आणली. पहिला मेसेज कसा लिहू, एवढंच आता अडलंय.

औदुंबर

हा तसाच पाठवा, तिघांना एकाच दिवशी:

'नमस्कार. आत्मसन्मानाच्या तक्रारीसाठी मराठीतून ऑनलाइन सेशन हवी आहेत. आठवड्यातून एकदा, संध्याकाळी सातनंतर किंवा रविवारी. प्रति सेशन एक हजार रुपयांपर्यंत जमेल. आपण सीबीटी किंवा आरईबीटी वापरता का? आपलं शिक्षण आणि नोंदणी कळवावी. पहिला छोटा कॉल कधी करता येईल?'

'त्रास देते आहे, माफ करा' हे त्यात घालू नका. दोन दिवसांत उत्तर आलं नाही तर ते नाव सोडून पुढच्याला पाठवा.