मदत हवी आहे: व्यसनांच्या सर्वेक्षणात मुलं खरं लिहितील असे प्रश्न कसे करावेत?

नमस्कार मंडळी,

गडचिरोली जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी राष्ट्रीय सेवा योजनेचं काम बघते. आमच्या पदवीच्या मुलामुलींमध्ये व्यसनांचं प्रमाण किती आहे ते मोजायचं ठरलंय. तयार मिळालेला अर्ज एका वर्गात भरून घेतला आणि पहिल्याच प्रश्नावर गाडी अडली. 'तुम्ही तंबाखू खाता का?' याला 'नाही' लिहिणाऱ्या मुलाच्या गालात खर्रा होता. विचारलं तर म्हणाला, "तंबाखू नाही जी मॅडम, खर्रा आहे." तो खोटं बोलत नव्हता. पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून देतात, त्याला इथली पोरं तंबाखूत धरतच नाहीत. तंबाखू म्हणजे आजोबा तळहातावर मळतात तो.

त्यामुळे खर्रा, गुटखा, मळलेला तंबाखू, बिडी असं एकेक नावानिशी विचारायचं ठरवलं आहे. 2016-17 च्या 'गॅट्स' या तंबाखूबद्दलच्या देशव्यापी पाहणीतही प्रकार असेच सुटे विचारले होते. पण पुढच्या गोष्टींत तुमची मदत हवी आहे.

जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे. 'हो' लिहिणं म्हणजे मुलांना गुन्हा कबूल केल्यासारखं वाटतं. गांजाचं तर बोलायलाच नको. अर्जावर नाव नाही, हे सांगूनही मुलं शेजाऱ्याच्या कागदाकडे आणि माझ्याकडे बघत बसतात.

'गेल्या 12 महिन्यांत' हा काळही कुणाला नीट धरता येत नाही. 'मागच्या पोळ्यापासून आजपर्यंत' असं विचारलं तर चालेल का?

आणि पंक्चरचं सोल्युशन हुंगण्याबद्दल विचारू की नको? ज्यांना माहीत नाही त्यांना आपणच शिकवल्यासारखं होईल अशी धास्ती वाटते. या आकड्यांवरून समुपदेशक मागायचा आहे, म्हणून ते खरे यावेत ही तळमळ आहे.

प्रतिसाद

ताई, पोळ्याची खूण उत्तम. ओळखीचा सण धरला की दीड वर्षापूर्वीची गोष्ट 'याच वर्षी' म्हणून येत नाही. त्याच्या जोडीला 'गेल्या 30 दिवसांत किती दिवस?' हे ठेवाच, रोजचा खाणारा आणि सणावारी घेणारा त्यातूनच वेगळे होतात.

दारू-गांजासाठी नाणं वापरा. प्रत्येकाने गुपचूप नाणं उडवायचं. छाप पडला तर डोळे झाकून 'हो' लिहायचं, काटा पडला तर खरं उत्तर. मग कुणाचाही 'हो' त्याच्या अंगाशी येत नाही. 200 मुलांत 120 'हो' आले, तर सुमारे 100 नाण्याचे. उरलेल्या 100 मध्ये 20, म्हणजे अंदाजे 20 टक्के. वॉर्नर या संशोधकाने 1965 मध्ये मांडलेल्या पद्धतीचं हे सोपं रूप आहे. यात अंदाज बराच मागेपुढे होतो, त्यामुळे एका वर्गावर करू नका, सगळं महाविद्यालय घ्या. कोण घेतो हे मात्र यातून कळत नाही, फक्त एकूण प्रमाण कळतं.

'नाही असल्यास थेट प्रश्न 14 वर जा' असलं काही अर्जात असेल तर आधी काढा. 'नाही' म्हटलं की सुटका लवकर होते, हे मुलांना दुसऱ्या पानावरच कळतं. शिवाय लिहीत बसलेला कोण, हे अख्ख्या वर्गाला दिसतं. 'नाही'वाल्यांनाही तेवढेच प्रश्न द्या, झोपेचे, खेळाचे, कसलेही.

यादीत एक खोटं नाव घाला. युरोपातल्या शाळांच्या 'ईएसपॅड' पाहणीत 'रेलेविन' नावाचा नसलेलाच पदार्थ घातला होता. त्यालाही 'हो' म्हणणारे अर्ज बाजूला काढता येतात.

सोल्युशनचं म्हणाल तर आधी पानठेलेवाले आणि पंक्चरवाल्यांशी बोलून बघा. गावात चालत असेल तर साध्या शब्दांत विचारा, कसं करतात ते लिहू नका. चालत नसेल तर 'इतर काही' एवढी रिकामी ओळ पुरे.

आणि अर्ज भरताना वर्गात तुम्ही थांबू नका. बाहेरचं कुणी बसवा, कुलूप लावलेली पेटी ठेवा.