उद्याची बेगमी: पुढं आपल्याच कामी येणाऱ्या सवयी (अनुभव धागा)

बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या खानापूर तालुक्यात मे महिना लागला की घराघरात एकच घाई. जळण माळ्यावर चढतं, शेणी रचून होतात, चिंच मीठ लावून बरणीत जाते, पापड-सांडगे उन्हात. जांबोटी-कणकुंबीकडं पाऊस एकदा बसला की बाहेर पडायची सोय नसते, त्यामुळं बेगमी म्हणजे काय हे आमच्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. वय वाढल्यावरच्या दिवसांची बेगमी म्हटलं की मात्र सगळ्यांच्या डोळ्यांपुढं फक्त पैसा येतो.

मला वाटतं, पैसा उशिरा का होईना मिळवता येतो, अडीनडीला उसना मिळतो. कान, गुडघे, जमिनीचा कस, सरकारी कागदावरचं आपलं नाव ही एकदा बिघडली की दुकानात मिळत नाहीत. म्हणून हा धागा. तुम्ही रोज किंवा दरवर्षी असं काय करता, ज्याचा उपयोग आज दिसत नाही पण पुढं तुम्हालाच होणार आहे? उपदेश नकोत. स्वतः करता तेच लिहा, आणि कसं करता ते बारकाईनं लिहा.

मागवाला, वडगाव

माझं सगळं आयुष्य यंत्रमागाच्या खडखडाटात. आमच्या गल्लीत जुनी माणसं मागावर बोलत नाहीत, हातवारे करतात. वडिलांना साठीत ऐकूच येईना. ओरडून बोलावं लागायचं, मग घरातली माणसं गरजेपुरतीच बोलायला लागली. लग्नकार्यात ते कोपऱ्यात एकटे बसायचे. बहिरेपणानं माणूस कसा एकटा पडतो ते मी जवळून बघितलंय.

म्हणून कारखान्यात शिरायच्या आधीच मी कानात फोमचे बूच घालतो. कापसाचा बोळा घालून आवाज फारसा अडत नाही, हे कानाच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. ८५ डेसिबलच्या वरच्या आवाजात रोज आठ तास, असं वर्षानुवर्षं चाललं की आतल्या कानातल्या केसासारख्या बारीक पेशी मरतात आणि त्या परत उगवत नाहीत. दुखत नाही, रक्त येत नाही, त्यामुळं कळतही नाही. सुरुवातीला फक्त बारीक आवाज जातात, पाखराचा, लहान पोरांचा. समोरच्याचं बोलणं कळेनासं होतं तोवर पुष्कळ गेलेलं असतं.

बूच घातल्यावर मागाचा बिघाड ऐकू येणार नाही असं सगळे म्हणायचे. तसं होत नाही. आवाज कमी होतो, बंद होत नाही. धोटा (आडवा धागा नेणारा भाग) अडकला की लगेच कळतं. उद्यमबागला फौंड्रीत, मशीन शॉपला काम करणाऱ्या भावांनी पण हे मनावर घ्यावं.

ऊसवाला, सदलगा

मागवाले अण्णा, तुम्ही कानाचं लिहिलंय तेच मी जमिनीचं लिहितो.

दूधगंगा-कृष्णेकाठी पाणी भरपूर, म्हणून आमच्याकडं पाट भरभरून पाणी द्यायची पद्धत. जास्त पाण्यानं जमिनीखालची पातळी वर येते, ते पाणी उन्हानं उडून जातं आणि क्षार वरच्या थरात राहतात. बांधाकडेला पांढरट फेस दिसायला लागला की समजायचं. आमच्या शिवारातली चांगली काळी रानं अशी क्षारपड होऊन पडीक राहिलीत. ती सुधारायला चर खणून, खाली पाइप टाकून पाणी बाहेर काढावं लागतं. तो खर्च एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातला नाही, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मिळून केलं नाही तर पाणी काढून सोडायचं कुठं?

मी ठिबकवर गेलो. आणि तोडणी झाल्यावर पाला पेटवत नाही. एकरी तीन-चार टन पाला निघतो, तो पेटवला की तासाभरात रान मोकळं होतं, हे खरं. मी तो एक सरी आड दाबून ठेवतो, वर थोडा युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारं जिवाणू खत टाकतो. खोडव्याला, म्हणजे तोडलेल्या बुडख्यातनं परत फुटणाऱ्या उसाला, पाणी कमी लागतं, तण कमी येतं. पहिल्या वर्षी उत्पन्नात काही फरक दिसत नाही, आणि तिथंच लोक सोडून देतात. चार-पाच वर्षांनी नांगर टाकताना माती वेगळी लागते. भुसभुशीत, वासाची. गांडुळं दिसतात.

रान माझ्या नावावर आहे आणि त्यातनं मला अजून वीस वर्षं पिकवून खायचंय. त्याचा हिशोब मी आत्ताच करतो.

पैलवान, अनगोळ

कुस्तीतल्या माणसाचं थोडं वेगळं असतं. आनंदवाडीच्या आखाड्यात लढणारी कितीतरी पोरं मी बघितली. कुस्ती सुटली की जोर-बैठका सुटतात, पण खुराक तसाच राहतो. तूप, बदाम, मटण सगळं चालूच. पस्तिशीत पोट, चाळिशीत साखर आणि मग गुडघे.

मी आखाडा सोडला त्या महिन्यातच ताटातलं कमी केलं. आईला वाईट वाटलं, पण सोडलं नाही. बैठका मात्र चालू ठेवल्या, कमी आणि सावकाश. तिशीनंतर दर दहा वर्षांनी अंगातलं मांस ३ ते ८ टक्के कमी होत जातं, आणि साठीनंतर ते आणखी वेगानं. व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर रोज चालणारे पुष्कळ काका आहेत, चांगलंच आहे. पण नुसत्या चालण्यानं मांड्यांची ताकद टिकत नाही. हात न टेकता खुर्चीवरनं उठायचं आणि बसायचं, हे रोज करा. म्हातारपणी दुसऱ्याच्या आधाराशिवाय संडासला जाता येणं याच्याएवढा मान कशात नाही, असं माझं ठाम मत आहे.

रोजंदारीवाला, हिंडलगा

सगळं बरोबर आहे, पण हे ज्याचं उद्याचं जेवण नक्की आहे त्याला जमतं. आम्ही नाक्यावर उभं राहतो. काम मिळालं तर मिळालं. ठिबक कुठलं नि खुराक कुठला? आजचा दिवस काढण्यातच जीव जातो. रागानं लिहित नाही, खरं ते सांगालोय.

विडी कामगार, निपाणी

दादा, तुमचं खरं आहे. मी पण हातावर पोट असलेलीच, विड्या वळते. पण बिनपैशाची एक सवय माझ्या सासूनं लावली ती सांगते.

विड्या देऊन आले की त्याच दिवशी वहीत लिहायचं. किती हजार दिल्या, त्यातल्या किती छाट म्हणून (नापास करून) काढल्या, किती पैसे हातात आले, पीएफ किती कापला. सासूला लिहिता यायचं नाही, ती भिंतीवर कोळशानं रेघा मारायची, महिनाअखेरीला माझ्या नवऱ्याकडनं लिहून घ्यायची. माझी नोंद आणि पीएफच्या पासबुकातली नोंद जुळत नसली की मी लगेच विचारते. दहा वर्षं नोकरी भरली तर ५८ व्या वर्षापासून पेन्शन बसते, पण ती वर्षं कागदावर दिसली पाहिजेत. आमच्यातल्या कितीतरी बायकांनी तीस-तीस वर्षं विड्या वळल्या आणि शेवटी नावात एक अक्षर वेगळं, जन्मतारीख वेगळी, म्हणून हेलपाटे घातले. माहेरचं नाव एका कागदावर, सासरचं दुसऱ्यावर, आणि तिसऱ्यावर कुणीतरी ऐकून लिहिलेलं.

पोरांच्या बाबतीत मी शाळेच्या दाखल्यापासून आधारपर्यंत एकच नाव, एकच स्पेलिंग ठेवलंय. शाळेत नाव घालताना क्लार्कच्या शेजारी उभी राहून बघितलं. तुम्हाला नाक्यावर काम मिळतं त्याचीही वही करा. कुणाकडं, किती दिवस, किती मजुरी. मजुरी बुडवायला निघालेल्या माणसापुढं तारखेसकट बोलता येतं.

शिक्षिका, टिळकवाडी

अक्कांनी कागदाचं काढलं म्हणून लिहिते. आपल्या भागात मराठी शाळेत शिकलेल्या बहुतेकांना कन्नड बोलता येतं. बाजारात, बसमध्ये सगळे बोलतात. वाचता येत नाही. मग जमिनीचा उतारा, पंचायतीची नोटीस, बँकेचा कागद दुसऱ्याकडनं वाचून घ्यायचा आणि तो सांगेल त्यावर सही करायची. आपली भाषा जपण्याबद्दल माझ्या मनात शंका नाही, मी मराठीच शिकवते. पण आपल्या घराचा कागद आपल्याला वाचता यावा हे त्याच्या आड येत नाही.

मी मोठ्या मुलांना रोज एका दुकानाची पाटी वाचून यायला सांगते. खडेबाजारातनं घरी जाईपर्यंत वीसेक पाट्या लागतात, निम्म्यांवरचा माल ओळखीचा असतो, त्यामुळं अक्षर अंदाजानं लागतं. पालकांसाठी मी जुना उतारा घेऊन बसते. सर्व्हे नंबर कुठं, मालकाचं नाव कुठं, कर्जाचा बोजा कुठल्या रकान्यात, एवढं वाचता आलं तरी पुष्कळ. आजोबा वारले तरी उताऱ्यावर त्यांचंच नाव चालू आहे, अशी घरं इथं ढिगानं आहेत. वारसा नोंद आज साधी असते. एक पिढी गेली की वारस दहा होतात, दोघे पुण्यात, एक गोव्यात, आणि सह्या गोळा करण्यात वर्षं जातात.

शिवणकाम, शहापूर

पैशाचं कुणीच लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. भिशी मी पण लावते, पण भिशीचे पैसे सणाला खर्च होतातच. म्हणून मुलीच्या नावानं पोस्टात सुकन्या समृद्धी काढली. मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आत काढावं लागतं, वर्षाला कमीत कमी २५० रुपये, १५ वर्षं भरायचे आणि खातं २१ वर्षांनी पुरं होतं. मधेच सहजासहजी काढता येत नाही, तेच मला सोयीचं वाटतं. ब्लाऊजची शिलाई आली की त्यातली एक नोट वेगळ्या डब्यात, महिन्याला पोस्टात.

ऊसवाला, सदलगा

अजून एक राहिलं. २०१९ च्या ऑगस्टच्या पुरात आमच्या भागात कितीतरी घरांत पाणी शिरलं. त्यानंतर आमच्या घरातले सगळे कागद जाड प्लॅस्टिकच्या एकाच पिशवीत, तुळईला टांगलेले. फोटो काढून मुलाच्या आणि मेहुण्याच्या फोनमध्ये. जून लागायच्या आधी पिशवी उतरवून बघतो, ओल आली नाही ना.

मशीन शॉप, उद्यमबाग

हा धागा वाचून मागवाल्या काकांचं ऐकलं. बूच घेतले, पण पहिल्यांदा आवाज तसाच येत होता. मग त्यांनाच विचारलं, त्यांनी नीट सांगितलं. फोमचा बूच दोन बोटांत चोळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यामागनं आणून कान वर आणि मागं ओढायचा, बूच आत सारायचा आणि फुगेपर्यंत बोटानं धरून ठेवायचा. हात स्वच्छ पाहिजेत, ऑइल लागलेले नकोत. आता फरक कळालाय, संध्याकाळी कानातली शिट्टी पण कमी वाटालीय. आमच्या शिफ्टमधल्या दोघांनी कुठं मिळतात म्हणून विचारलं, मेडिकलमध्ये मिळतात म्हणून सांगितलंय. काका, एक विचारायचं होतं: तोच बूच धुऊन परत वापरला तर चालतो काय?

मागवाला, वडगाव

फोमचा धुऊ नकोस, धुतला की नीट फुगत नाही. मळला, कडक झाला की टाकून दे. रबराचे, दोरीवाले मिळतात ते साबणानं धुता येतात, गळ्यात अडकून राहतात म्हणून हरवत पण नाहीत. आणि शिट्टी दोन-तीन आठवड्यांनी पण राहिली तर कानाच्या डॉक्टरांकडनं ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करून घे. तो कागद जपून ठेव, पुढच्या वर्षी परत केलीस की ताडून बघता येईल.