मदत हवी आहे: दाढीच्या मशीनचा आट्याचा खांब तुटला, आता कोणत्या धातूचं घेऊ?

पूर्णाकाठचा_गडी
लवकर सांगा कोणीतरी. दोन्ही बाजूंनी दाढी होते ते ब्लेडचं मशीन घेतलं होतं. वर्षही झालं नाई, आज सकाळी वरच्या झाकणाचा आट्याचा खांब हातातच तुटला. पडलं नाई, आपटलं नाई. आतून राखेसारखं करडं निघालं. याच्या आधीचं भी असंच गेलं. कोणी पितळ म्हणते, कोणी स्टील, कोणी टायटॅनियम. टिकणारं एकच नाव सांगा. रविवारी घरचं लग्न हाय.

झाडीतला_माणूस
कोणतं मशीन, केवढ्याचं, फोटो कुठं आहे? दांडा कशाचा आहे? एवढंही न लिहिता लोकांनी सांगायचं काय?

पूर्णाकाठचा_गडी
चकचकीत क्रोमचं होतं. दांडा अजून ठणठणीत हाय. मोबाईलवरून फोटो चढून नाई रायला. कंपनी कशाले पायजे, धातू विचारला मी.

लेथवाला_अकोट
भाऊ, क्रोम म्हंजे वरचा मुलामा, तो मशीनचा धातू नाई. क्रोमच्या खाली काय हाय ते महत्त्वाचं. करडं निघालं म्हंता तं ते जस्ताचं ओतकाम हाय. झमॅक म्हणतात त्याले. जस्तात साधारण ४ टक्के ॲल्युमिनियम अन् थोडं तांबं. ४०० अंशाच्या आतच वितळते, म्हून साच्यात दाबून भराभर नग निघतात अन् स्वस्त पडते. झाकण अन् खांब एकसंध ओतलेले असतात. सगळा ताण त्या ५ मिलिमीटरच्या खांबावर, अन् आट्याच्या खाचेत तो आणखी बारीक होते. ओतीव जस्त वाकत नाई, सरळ तुटते. तुटल्या जागेवर कानस मारून पाहा. पिवळं दिसलं तं पितळ, पांढरट करडं दिसलं तं जस्त.

परतवाडा_सलून
माझं ऐका, हे मशीनच सोडा. अर्धी ब्लेड लावायचा वस्तरा घ्या. त्याला ना आटा, ना झाकण. दुकानात आम्ही दिवसभर तोच चालवतो. गालाला कधी ओरखडा नाही.

झाडीतला_माणूस
वस्तरा विचारला का त्यांनी? हात बसायला महिने लागतात, रविवारी लग्न आहे, चेहरा कापून बसवाल.
अन् लेथवाले भाऊ, जस्ताला इतकं नाव ठेवू नका. माझ्याकडं जस्ताचंच मशीन आहे, कित्येक वर्षांपासून. गोंदिया जिल्ह्यात राहतो. मुलामा आजही आरशासारखा आहे. जर्मनीच्या नावाजलेल्या मर्कुर ३४सी या दाढीच्या मशीनचं डोकंही जस्ताचंच असते. वाईट असतं तर त्यांनी वापरलं असतं का? पूर्णाकाठचे भाऊ फार आवळत असतील, बस एवढंच.

पूर्णाकाठचा_गडी
आवळत नाई. दोन बोटांनी फिरवतो. दोन्ही मशीन सारख्याच जागी तुटले.

निवृत्त_रसायन_मास्तर
मी बुलढाण्याकडे शाळेत रसायनशास्त्र शिकवत होतो. एक विचारतो, दाढीला पाणी कोणतं वापरता?

पूर्णाकाठचा_गडी
पाण्याचा काय संबंध सर? बोअरचं. दर्यापूर तालुक्यातलं गाव हाय. पिण्याले शहानूरच्या योजनेचं नळाचं येते, पण रोज नाई येत. आंघोळ, दाढी, कपडे सगळं बोअरवर.

निवृत्त_रसायन_मास्तर
संबंध आहे, आणि तोच सगळ्यांत मोठा आहे. पहिल्या पोस्टमध्येच हे आलं असतं तर अर्धे प्रतिसाद वाचले असते. तुम्ही खारपाणपट्ट्यात आहात. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत बोअरचं पाणी खारं. त्यात मीठ, म्हणजे क्लोराइड, भरपूर.

क्रोमचा थर अत्यंत पातळ असतो आणि त्याला डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असतात. त्याच्याखाली निकेल, तांबं, मग जस्त. आट्याच्या खाचांत मुलामा नीट बसत नाही आणि झाकण फिरवताना तो घासलाही जातो. तिथून खारं पाणी जस्तापर्यंत पोचलं की विद्युतघट, म्हणजे छोटी बॅटरीच, तयार होतो. या धातूंमध्ये जस्त सगळ्यांत लवकर झिजणारं, म्हणून तेच खपतं आणि वरचं क्रोम मात्र चकचकीत राहतं. बाहेरून काही दिसत नाही, आत पोखरलेलं असतं. खांबाच्या बुडाशी पांढरी भुकटी दिसली होती का?

गोंदियाचे भाऊ चुकीचं सांगत नाहीत. तो तलावांचा जिल्हा, पाणी गोडं. तिथं जस्त वर्षानुवर्षं टिकतं. धातू तोच, पाणी वेगळं.

पूर्णाकाठचा_गडी
पांढरं दिसलं होतं. साबण वाटला. मंग पितळ घेऊ का स्टील? ते सांगा.

अंजनगावची_ताई
दादा, आमच्याकडंही पाणी तसंच. स्टीलच्या पिंपाला दोन उन्हाळ्यांत सुईसारखी बारीक भोकं पडली. दुकानदार म्हणाला होता कधीच गंजणार नाही. तुम्ही स्टील घेणार असाल तर नुसतं "स्टेनलेस" ऐकून घेऊ नका.

लेथवाला_अकोट
ताई बरोबर बोलल्या. स्टेनलेसचे नंबर असतात, बाजारात ३०४ नंबरचं सांगून २०२ नंबरचं हलकं खपवतात. ३०४ मंदी १८ टक्के क्रोमियम अन् ८ टक्के निकेल असते. ३१६ मंदी वरून २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम, खाऱ्या पाण्याले तेच जास्त तोंड देते. ३०३ लेथवर लोण्यासारखं कापल्या जाते, त्यात गंधक असते म्हून, पण खाऱ्यात त्याले ३०४ पेक्षा लवकर खड्डे पडतात.

झाडीतला_माणूस
लोहचुंबक लावून पाहायचं. चिकटलं तर स्टील, नाही चिकटलं तर पितळ. सोपं आहे.

लेथवाला_अकोट
नाई जमत तसं. ३०४, ३१६ ले चुंबक नीट चिकटत नाई. पितळ अन् जस्तालेही नाई. उलट मुलाम्यातल्या निकेलले जरासं ओढते. चुंबकावर गेले तं फसान.

निवृत्त_रसायन_मास्तर
खात्री करायची असेल तर सोनाराकडच्या काट्यावर वजन करा. डोकं खोलून फक्त झाकण घ्या. हवेत वजन, मग दोऱ्यानं पाण्यात बुडवून वजन. हवेतल्या वजनाला वजनातल्या घटीनं भागा, म्हणजे धातू पाण्याच्या किती पट जड ते कळतं. जस्ताचं ओतकाम साधारण ६.७ येईल, पितळ ८.४ च्या आसपास, स्टेनलेस ८ च्या जवळ, टायटॅनियम ४.५, ॲल्युमिनियम २.७. समजा झाकण २० ग्रॅमचं आहे. पाण्यात ते १७ भरलं तर जस्त, १७.६ भरलं तर पितळ. सोनाराचा काटा हा फरक सहज दाखवतो.

कापूस_ते_कापड
विषय निघालाच म्हणून सांगतो, ब्लेड बोथट का होते यावर अमेरिकेतल्या एमआयटीत अभ्यास झाला आहे, २०२० मध्ये "सायन्स" या नियतकालिकात आला. केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ, तरी धारेचे बारीक टवके उडतात. केस धारेला तिरपा लागला आणि तिथल्या पोलादाची आतली रचना एकसारखी नसली की टवका निघतो. म्हणून दाढीआधी केस गरम पाण्यानं मऊ करत जा.

पूर्णाकाठचा_गडी
ब्लेडचं विचारलंच नाई मी.

परतवाडा_सलून
पण ब्लेडही खाऱ्या पाण्यात लवकर डागते, तेवढं मान्य करा. बाकी खारपाणपट्ट्यात शेततळ्याशिवाय उपाय नाही. हरभऱ्याला बोअरचं पाणी दिलं की जमीन कडक होते. गोड्या पाण्याची योजना गावोगाव रोज पोचली पाहिजे, मशीनचं काय घेऊन बसलात.

अंजनगावची_ताई
खरं आहे, पण त्यासाठी वेगळा धागा काढा ना भाऊ. इथं यांचं काम अडलं आहे.

निवृत्त_रसायन_मास्तर
माझं स्पष्ट मत, पितळ घ्या. डोकं आणि दांडा दोन्ही पितळी, वर मुलामा. किंग कॅम्प जिलेट यांना या मशीनचं पेटंट १९०४ मध्ये मिळालं. त्या काळची मशीनं पितळेचीच, निकेलचा किंवा सोन्याचा मुलामा दिलेली, आणि संग्राहकांकडे त्यांतली अनेक आजही दाढी करण्याजोगी आहेत. मुलामा उडाला तरी पितळ जस्तासारखं आतून पोखरत नाही, फार तर हिरवट होतं. अगदी वर्षानुवर्षं खाऱ्यात राहिलं तर पितळेतलंही जस्त निघून जातं आणि तांबूस डाग दिसतात, पण ते फार सावकाश.

लेथवाला_अकोट
सर, मी ३१६ च म्हणीन. मुलामाच नाई तं उडणार काय? एकदा घेतलं की पोरगं भी वापरन.

निवृत्त_रसायन_मास्तर
चांगलंच आहे, पण काही हजारांत जातं. या भावांचं बजेट कोणी विचारलं का?

पूर्णाकाठचा_गडी
हजाराच्या आत.

लेथवाला_अकोट
मंग सरांचंच बरोबर, पितळ. टायटॅनियम सोडा, खारं पाणी त्याले शिवत नाई पण किंमत झेपणार नाई. ॲल्युमिनियम घेऊ नका, वरचा थर उडाला की कपड्याचा सोडा त्याले खाते अन् आटे लवकर झिजतात.
जुन्याचं मी करून देतो. खांबाचं उरलेलं बूड ड्रिलनं काढून आटा पाडीन अन् स्टीलचा रॉड बसवीन. अर्ध्या तासाचं काम.

निवृत्त_रसायन_मास्तर
जस्ताच्या झाकणात स्टीलचा रॉड आणि वर खारं पाणी म्हणजे पुन्हा तोच विद्युतघट. रॉडभोवतीचं जस्त आधी जाईल.

लेथवाला_अकोट
कायमचं नाई म्हणत सर मी, लग्नापुरतं. नवीन कुरियरनं येईलोक चालन. दांडा मात्र फेकू नका, नवीन झाकण त्याच्यावर लागू शकते. फक्त आटा पाहून घ्या. कोणाचा ५ मिलिमीटरचा अन् ०.८ पिचचा, म्हंजे दोन आट्यांतलं अंतर ०.८ मिलिमीटर, असते, कोणाचा इंचाचा १०-३२, म्हंजे ४.८३ मिलिमीटर. सुरुवातीले एकमेकांत फिरतात, मंग अडकतात. जबरदस्ती केली का आटे गेले.

अंजनगावची_ताई
आणि दादा, कोणतंही घ्या, दाढी झाली की खोलून नळाच्या एका गडूभर पाण्यानं धुवा, फडक्यानं पुसा, आट्याला खोबरेल तेलाचं बोट लावा. आमच्या घरी कात्र्या अशाच टिकल्या आहेत.

पूर्णाकाठचा_गडी
कानस मारून पाह्यलं. झाकण करडं, दांडा पिवळा. नवीन पूर्ण पितळेचं मागवतो. लेथवाले भाऊ, शुक्रवारी अकोटले येतो, दुकान किती वाजता उघडते?

लेथवाला_अकोट
नऊ वाजता. दांडा अन् झाकण दोन्ही आणा, खालची पट्टी भी. तिच्या भोकातून रॉड जाते का ते पाहा लागन.