गेटपाशी बसलेले ब्लॉक आणि टोरंटोचा ड्राइव्ह-वे

सेक्रेटरी: सर्वांना नमस्कार. गेटपासून ए विंगपर्यंतचे पेव्हर ब्लॉक काढून नवीन बसवण्यासाठी तीन ठेकेदारांचे भाव आले आहेत. रविवारी सकाळी १० वाजता बैठक. रंगांचे फोटो टाकतोय, पसंती कळवा.

ए-१०२: लाल आणि करडा छान दिसेल.

बी-३०४: आमचंही तेच मत 👍

ए-००३ वहिनी: रंग कुठलाही घ्या, पण आईंचा पाय पुन्हा अडकायला नको. जुलैमध्ये टँकर उभा राहतो तिथेच पडल्या, मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर होतं. ब्लॉक घालून चारच वर्षं झालीत.

सी-२०१ काका: वहिनी, आईंना आता मूठ वळवता येते का? व्यायाम सोडू देऊ नका.
सेक्रेटरीसाहेब, तिन्ही भाव वाचले. ब्लॉकचा दर आहे, मजुरी आहे, वाहतूक आहे. ब्लॉकच्या खाली काय घालणार, याची एक ओळसुद्धा कुणी लिहिलेली नाही. चार वर्षांपूर्वीही नव्हती.

बी-२०३ ताई: काका, याच कामासाठी तुम्हाला फोन करणार होते. माझ्या भावाने टोरंटोजवळ घर घेतलंय. समोरचा ड्राइव्ह-वे (गाडी उभी करायची जागा), मागचा पॅटिओ (बसायचं अंगण) आणि दारापर्यंतची पायवाट, सगळीकडे पेव्हर घालायचेत. दोन कोटेशन आलीत, एक दुसऱ्याच्या जवळपास दीडपट. स्वस्तवाला म्हणतो ६ इंच खोदू, पुरे. तुम्ही मागच्या उन्हाळ्यात लेकीकडे होतात ना? तिच्याकडे हेच काम झालं म्हणे.

सी-२०१ काका: हो, पाच दिवस खुर्ची टाकून बघत बसलो होतो. भावाला म्हणावं, आधी हा हिशोब कर. गाडीच्या जागेला ८० मिलिमीटरचा ब्लॉक, म्हणजे ३ इंचांहून थोडा जास्तच. त्याखाली इंचभर रेती. ६ इंच खोदल्यावर गिट्टीला दोन इंचही उरत नाहीत. तिथल्या हिवाळ्यात एवढ्यावर काही टिकत नाही. लेकीकडे १६ इंच खोदलं होतं, त्यात १२ इंच नुसती गिट्टी.

बी-२०३ ताई: एवढं कशाला पण? गाडी तर इथल्यासारखीच.

सी-२०१ काका: गाडीसाठी नाही, गोठणाऱ्या पाण्यासाठी. पाणी गोठलं की ९ टक्के फुगतं, हे शाळेत शिकतोच. पण खरं नुकसान निराळंच असतं. गाळाची बारीक माती खालचं पाणी वर ओढत राहते आणि गोठलेल्या पट्ट्यात त्याचे बर्फाचे पापुद्रे एकावर एक साचत जातात. त्यांनी जमीन उचलली जाते, तीही सगळीकडे सारखी नाही. मार्च-एप्रिलमध्ये बर्फ विरघळला की तीच माती चिखल होते आणि वरून गाडी गेली की ब्लॉक खाली बसतो. टोरंटोला घराचा पाया साधारण १.२ मीटर खाली नेतात तो याच भीतीने.
याला तीन गोष्टी लागतात: थंडी, पाणी आणि बारीक माती. थंडी आपल्या हातात नाही. उरलेल्या दोन काढायच्या, सगळं काम तेवढ्यासाठीच.

ए-१०२: म्हणजे नेमकं काय केलं त्यांनी? आम्हालाही कळू द्या.

सी-२०१ काका: सांगतो, जरा लांबेल.
आधी माती दाबून घेतली. त्यावर जिओटेक्स्टाइल अंथरलं आणि खड्ड्याच्या कडांवरही चढवलं. हे जाड, नमद्यासारखं कापड असतं. पाणी जाऊ देतं, पण खालचा चिखल गिट्टीत शिरू देत नाही. मग गिट्टी एकदम ओतली नाही. ४ इंचांचा थर, पाणी शिंपडून प्लेट कॉम्पॅक्टर, म्हणजे थर ठोकून दाबणारं यंत्र, आणि मग पुढचा थर. जाड थर वरून कितीही ठोका, तळाशी पोकळच राहतो. गिट्टी ब्लॉकच्या कडेच्या फूटभर पुढेपर्यंत नेली होती, म्हणजे काठ ढासळत नाही. ढाळ घरापासून दूर, २ टक्के, दर फुटाला पाव इंच. आणि हा ढाळ गिट्टीतच काढला होता. वरच्या रेतीने लेव्हल सारखी करायला गेलात तर जिथे रेती जाड, तिथेच पुढे खड्डा होतो.
रेती फक्त १ इंच. दोन पाइप ठेवून फळीने ओढली आणि नंतर तिच्यावर कुणाला पाय ठेवू दिला नाही. ड्राइव्ह-वेला ब्लॉक हेरिंगबोनमध्ये, वेणीसारखे आडवे-तिडवे गुंफून बसवले, म्हणजे गाडी वळताना एकमेकांना धरून राहतात. पायवाटेला आणि पॅटिओला ६० मिलिमीटरचे ब्लॉक आणि कमी गिट्टीही चालते, तिथे सरळ ओळी घातल्या. काठाला प्लास्टिकची पट्टी, लांब लोखंडी खिळ्यांनी गिट्टीत ठोकलेली. काठ सुटला की सगळी रांग सैल होते.

बी-२०३ ताई: सांध्यांत काय भरतात? भाऊ विचारतोय, तो वाचतोय हे सगळं.

सी-२०१ काका: पॉलिमरची रेती, पाणी पडलं की ती घट्ट धरते. कोरड्या दिवशी झाडूने सांध्यांत भरायची, कॉम्पॅक्टर फिरवायचा, पुन्हा भरायची. ब्लॉकवर उरलेला कणन्‌कण फुंकून काढायचा आणि मगच पाण्याची बारीक फवार. घाई केली तर वर पांढरट पापुद्रा धरतो आणि मग निघत नाही. गोठलेल्या जमिनीवर काम सुरू करू देऊ नकोस. डिसेंबरमध्ये सूट देणाऱ्याला एप्रिलमध्ये ये म्हण.
आणि मीठ. तिथे बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, ते काँक्रीटचा पृष्ठभाग सोलून काढतं. म्हणून कॅनडाच्या मानकात ब्लॉकची परीक्षा ३ टक्के मिठाच्या पाण्यात गोठवून, विरघळवून घेतात. ती पास झालेलाच ब्लॉक आहे का, हे बिलावर लिहून घे. घसरू नये म्हणून नुसती रेती टाकली तरी पुष्कळ काम भागतं. अमोनियमवालं मीठ तर मुळीच नको.

खजिनदार: काका, माहिती उत्तम. पण इंदूरला बर्फ नाही. आपण १६ इंच खोदायला लागलो तर फंड संपेल.

सी-२०१ काका: बरोबर, बर्फ नाही. काळी माती आहे. मी ३१ वर्षं कालव्यांवर काढली, या मातीने काँक्रीटचं अस्तर उचललेलं पाहिलंय. पावसात फुगते, मे महिन्यात हात जाईल एवढी फाटते. टोरंटोत जे थंडी करते, ते इथे मातीच करते. पाणी मात्र दोन्हीकडे तेच. कालव्यांसाठी यावर आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी उपाय दिला होता: काळ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा दाबलेला थर. आपल्याकडे चांगला मुरूम ते काम करतो.
आपल्या ब्लॉकखाली काय आहे माहीत आहे? मागच्या महिन्यात पाइपलाइनसाठी खोदलं तेव्हा पाहिलं. चार इंच चुरी, म्हणजे क्रशरवरचा दगडाचा चुरा, तीही थेट काळ्या मातीवर.

ए-४०१ दादा: चुरी सगळेच घालतात, काका. माझ्या साइटवरही तीच असते. रेतीपेक्षा स्वस्त आणि चांगली बसते.

सी-२०१ काका: दादा, कोरडी असेपर्यंत बसते. चुरीत पिठासारखा बारीक भाग असतो, तो पाणी धरून ठेवतो. टँकरचं चाक वरून गेलं की ती पाण्यासकट सांध्यांतून वर येते. ए विंगसमोर पावसाळ्यात ब्लॉकवर करडा चिखल दिसतो ना? ती चुरीच. ब्लॉकखाली धुतलेली जाडसर रेती हवी.

ए-४०१ दादा: तो चिखल मी पण पाहिलाय. तो सिमेंटचा असेल असं वाटायचं.

खजिनदार: मग खर्चाचं काय करायचं?

सी-२०१ काका: सगळं आवार उखडू नका. बागेकडचा भाग ठीक आहे, तिथे फक्त सांधे भरा. जिथे टँकर आणि कचरागाडी फिरते, तेवढाच पट्टा नीट करा. पेव्हर ब्लॉकच्या भारतीय मानकाच्या, आयएस १५६५८ च्या, २००६ च्या आवृत्तीत पार्किंगसारख्या हलक्या वाहतुकीला ६० मिलिमीटर, एम-३५ (हा काँक्रीटच्या ताकदीचा दर्जा) दिलाय, आणि मध्यम वाहतुकीला ८० मिलिमीटर, एम-४०. भरलेला टँकर रोज येतो, तिथे मी ८० च घेईन. तिथले जुने ६० चे ब्लॉक निघतील, न फुटलेले बाजूच्या पायवाटेला वापरा. काँक्रीटचा कोबा फोडला की मलबा होतो, ब्लॉक उचलून परत लावता येतो, हाच तर त्याचा फायदा.
वाचलेला पैसा मुरूम, गिट्टी, कापड आणि काठाच्या कर्बला द्या. पाणी नालीकडे जाईल असा ढाळही हवा. सध्या ते वहिनींच्या दारासमोर थांबतं.

ए-००३ वहिनी: हो काका, दोन-दोन दिवस. आई पडल्या तेव्हाही तिथे पाणीच होतं.

सेक्रेटरी: काका, हे सगळं तुम्ही एका कागदावर लिहून द्याल का? तिन्ही ठेकेदारांना पाठवतो, प्रत्येक थराची जाडी लिहून नव्याने भाव मागतो. रंगाचं नंतर ठरवू.

सी-२०१ काका: आज रात्री देतो. त्यात एवढं घाला की प्रत्येक थर झाकण्याआधी सोसायटीचा एक माणूस मोजपट्टीने मोजेल आणि फोटो काढेल. झाकलं गेलं की कुणाला काही दिसत नाही. मी उभा राहीन, दुपारी ऊन फार असेल तर कुणीतरी दोन तास बदली द्या.

ए-४०१ दादा: दुपारी मी येतो, काका. कॉम्पॅक्टर चालवणारा चांगला मिस्त्रीही बघतो.

बी-२०३ ताई: भावाने महागवाल्याला फोन केला. तो १४ इंच म्हणाला, कापडासकट. स्वस्तवाल्याला कापड म्हणजे काय तेच माहीत नव्हतं.

सी-२०१ काका: चांगलं झालं. १४ इंचांत पॅटिओ धरलाय की ड्राइव्ह-वे, एवढं विचारून घ्यायला सांग.
सेक्रेटरीसाहेब, रविवारी बैठकीआधी गेटपाशी एक ब्लॉक काढून दोन फुटांखालची माती घेऊ. वाळवून, बारीक चाळून १०-१० ग्रॅम दोन अरुंद ग्लासांत टाकायची, एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. २४ तासांनी पाण्यातली माती रॉकेलमधल्या मातीच्या दीडपटीच्या वर गेली, तर ती रस्त्याखाली ठेवण्यालायक नाही. प्रयोगशाळेत मोजनळी असते, पण फरक एरवीही डोळ्यांना दिसतो. ग्लास माझ्याकडे आहेत. रॉकेल कुणाकडे आहे का?

ए-००३ वहिनी: आईंच्या जुन्या स्टोव्हची बाटली माळ्यावर आहे, अर्धी भरलेली. संध्याकाळी मुलाबरोबर पाठवते.