डीटीपीसाठी लॅपटॉप सोडून डेस्कटॉप जुळवतोय, सल्ला हवा

प्रश्न: मंडळी, सांगलीत लग्नपत्रिका-फ्लेक्सचं डीटीपी करतो. आठ वर्षं लॅपटॉपवर काढली. आता दहा बाय वीसचा फ्लेक्स उघडला की पंखा घरघरतो, कर्सर जागचा हलत नाही आणि गिऱ्हाईक शेजारी उभं! रॅम मदरबोर्डलाच सोल्डर केलेली, ८ जीबीच्या पुढे जात नाही. रायझन ५ ७६०० हा प्रोसेसर मनात आहे. ग्राफिक्स कार्ड लगेच घ्यावं का?

कोल्हापूरकर: दादा, आत्ता नको. ७६०० मध्ये जुजबी ग्राफिक्स असतं, कोरल-फोटोशॉपला चालून जातं. मात्र स्वस्त पडतो म्हणून ७५००एफ उचलू नका, त्यात ग्राफिक्सच नाही. वाचलेले पैसे रॅममध्ये घाला: १६ जीबीच्या दोन पट्ट्या, नव्या पिढीच्या डीडीआर५च. ७६०० ज्यावर बसतो त्या एएम५ मदरबोर्डावर जुनी डीडीआर४ रॅम बसत नाही.

ठाण्याहून: एसएमपीएसमध्ये, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यात, काटकसर करू नका, कळकळीनं सांगतो. माझा स्वस्तातला उडाला तो हार्डडिस्क घेऊनच. चार वर्षांचे लेकीचे फोटो गेले.

प्रश्नकर्ता: ठाणेकर, वाचून वाईट वाटलं. एसएमपीएस चांगलाच घेतला. काल रात्री सगळं जुळवलं. नाजूक पिना मदरबोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात, त्यामुळे प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा छोटा त्रिकोण खुणेशी जुळवून तो अलगद ठेवताना श्वास रोखला होता. बटण दाबलं, तर दोन मिनिटं स्क्रीन काळी! पोटात गोळाच आला. नवी रॅम पहिल्यांदा ओळखून घ्यायला बोर्ड तेवढा वेळ घेतो म्हणे. आज तोच फ्लेक्स चहा गार व्हायच्या आत उघडला.